जुन्या मनोरंजन पार्कचे नूतनीकरण: नवी राइड सर्वांत शेवटी

नागपूर परिसरातील जुन्या मनोरंजन पार्कांची स्पर्धा आता केवळ शहराबाहेरच्या दुसऱ्या एखाद्या वॉटर पार्कशी राहिलेली नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि साईदर्शन व तिथला वॉटर पार्क एकाच फेरीत उरकणे विदर्भातल्या कुटुंबांना जमू लागले. हैदराबादचे वंडरला हे मनोरंजन पार्क २०१६ पासून सुरू आहे आणि तिथे रात्री निघून सकाळी पोहोचता येते. शहरातच मॉलमधले थंडगार गेम झोन आहेत, २०२१ पासून गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय आहे, आणि संध्याकाळी एक पैसाही न मोजता फुटाळ्याच्या काठावर जाऊन बसण्याचा पर्याय तर नागपूरकराला कायमचाच आहे.

अशा वेळी वीस-पंचवीस वर्षे जुन्या पार्कच्या संचालकांच्या बैठकीत पहिला प्रस्ताव येतो तो एका मोठ्या, उंच, दुरून दिसणाऱ्या नव्या राइडचा. हा प्रस्ताव समजण्यासारखा आहे, कारण नव्या राइडची जाहिरात करता येते आणि नव्या स्वच्छतागृहाची करता येत नाही. तरीही या लेखाचा आग्रह उलट क्रमाचा आहे. गळके तलाव, तापलेल्या फरशा आणि तासाभराची रांग तशीच ठेवून नवी राइड आणली, तर जाहिरातीने आलेली गर्दी नेमकी पार्कच्या सर्वांत वाईट बाजूला जाऊन भिडते आणि परतीच्या वाटेवर मोबाइलवरून तसा अभिप्रायही लिहून टाकते. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने पैसा खर्च करावा.

पहिली पायरी: खर्चाआधी पाहणी

पाहणीची सुरुवात यंत्रांपासून नव्हे, कागदांपासून करावी. जमीन स्वतःची आहे की भाडेपट्ट्याची, आणि भाडेपट्ट्याची असल्यास मुदत किती उरली आहे, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नये. दिल्लीच्या प्रगती मैदानातील अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि एका संपूर्ण पिढीचे आवडते ठिकाण ठरले, परंतु २००८ मध्ये ते बंद पडले ते लोकप्रियता ओसरल्यामुळे नव्हे, तर जागेच्या प्रश्नामुळे.

त्यानंतर प्रत्येक राइडची स्वतंत्र फाइल तयार करावी. मूळ निर्माता आज व्यवसायात आहे का, आराखडे आणि देखभालीची पुस्तिका हाताशी आहे का, सुटे भाग मिळतात की स्थानिक लेथवर घडवून घेतले जातात, आणि राइड आजवर साधारण किती तास चालली आहे, हे चार प्रश्न त्यात यावेत. लेथवर घडवलेला भाग वाईटच असतो असे नाही; मात्र तो कोणत्या पोलादाचा आहे आणि त्याची ताकद कोणी तपासली, याची नोंद नसेल तर तो भाग संशयितच मानावा. पिन, शाफ्ट आणि वेल्डचे जोड डोळ्यांनी पाहून भागत नाही. त्यांची एनडीटी, म्हणजे भाग न मोडता आतील भेगा शोधणारी चाचणी, करून घ्यावी. पृष्ठभागावरच्या भेगांसाठी रंगद्रव्याची किंवा चुंबकीय कणांची पद्धत आणि आतील दोषांसाठी अल्ट्रासॉनिक पद्धत वापरली जाते. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कमध्ये लंबकासारखी झुलणारी राइड तुटून कोसळली आणि दोघांचा जीव गेला. गंज आणि धातूचा थकवा रंगाच्या थराखाली वाढत असतो, आणि जुन्या पार्कमध्ये दर हंगामाआधी पहिली भर पडते ती नेमकी रंगाच्या थरांचीच.

भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक मनोरंजन राइडच्या सुरक्षिततेसाठीच आहे. ते आणून अभियंत्याबरोबर बसून कलमवार तपासणी करावी आणि शेवटी प्रत्येक राइड तीनपैकी एका यादीत टाकावी: जशी आहे तशी चालेल, दुरुस्त करून चालेल, मोडीत जाईल. तिसऱ्या यादीबाबत भावनाविवश होऊ नये. बंद पडलेली, पण जागेवरच गंजत उभी असलेली राइड संपूर्ण पार्कचे वय सांगत राहते. तिच्या जागी नुसती हिरवळ केली तरी चालते.

नागपुरात पाहणीला आणखी एक पैलू आहे, तो म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ही माती वर्षानुवर्षे तलावांच्या भिंती, पाइपांचे सांधे आणि फरशा हलवत असते. तलाव गळतो आहे की केवळ बाष्पीभवन होते आहे, हे ओळखण्याची साधी पद्धत अशी: एक बादली तलावाच्याच पाण्याने भरून पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवावी, बादलीतील आणि तलावातील पातळीवर खूण करावी आणि पंप बंद ठेवून चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या मोजाव्यात. मे महिन्यात इथे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जाणे नवलाचे नाही. परंतु तलावाची पातळी बादलीपेक्षा ठळकपणे जास्त उतरली असेल, तर ते पाणी जमिनीत जात आहे आणि त्याच्याबरोबर पायाखालची मातीही ओली होत आहे, असे समजावे. गळती बंद होईपर्यंत नवी टाइल बसवणे व्यर्थ आहे.

दुसरी पायरी: हंगामाचे खरे कॅलेंडर

कोणत्याही परदेशी पार्कचा आराखडा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे पहिले कारण हवामान आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि दरवर्षीच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस गृहीतच धरावे लागतात. वार्षिक परीक्षा आटोपल्यापासून जूनअखेर शाळा उघडेपर्यंतचा काळ हा पाण्याचा हंगाम असतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, त्यामुळे इथे जूनचे एक-दोन आठवडे जास्तीचे मिळतात. त्यानंतर पाऊस. आणि दिवाळीनंतर ते जानेवारीअखेरपर्यंत शाळांच्या सहली, ज्यांत मुले पाण्यात फारशी उतरत नाहीत आणि कोरड्या राइड, मोकळे मैदान व जेवणाची सोय एवढेच पाहिले जाते.

म्हणजे एकाच कुंपणात दोन वेगवेगळे पार्क चालतात, आणि जुन्या पार्कांची मोठी चूक अशी की पहिल्याच्या उत्पन्नाच्या भरवशावर दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले जाते. गेल्या तीन वर्षांची रोजची तिकीटविक्री काढून तिची आठवडावार मांडणी करावी. ग्राहक कोणत्या जिल्ह्यातून आले, हेही पार्किंगमधल्या वाहनांच्या क्रमांकांवरून कळते. एमएच ३१, ४० आणि ४९ ही नागपूरची वाहने सोडून भंडारा, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, तसेच छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव इथली किती, हे महिनाभर एका मुलाला वही देऊन टिपून घेतले तरी जाहिरातीचा निम्मा प्रश्न सुटतो. फलक आणि उद्घोषणा मराठीबरोबर हिंदीत हव्यात, याची खात्रीही त्याच वहीतून पटेल.

क्षमता ठरवताना वर्षातील सर्वांत गर्दीचा रविवार डोळ्यांसमोर ठेवू नये. त्या एका दिवसासाठी उभारलेली सोय उरलेले वर्ष रिकामी राहते. हंगामातील पंधरावा किंवा विसावा गर्दीचा दिवस घ्यावा, त्या दिवसाच्या गर्दीला पुरेल एवढी सोय उभारावी, आणि त्याहून जास्त गर्दी होईल अशा दिवसांची तिकिटे आगाऊ नोंदणीनेच विकून दार बंद करण्याचे धैर्य दाखवावे.

तिसरी पायरी: सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह

माझ्या मते नागपुरातल्या पार्कसाठी सर्वांत चांगली नवी राइड म्हणजे सावली. दुपारी बारा ते चार या वेळात ग्राहक कुठे उभा असतो हे नकाशावर उतरवावे: तिकीट खिडकी, लॉकर, स्लाइडच्या जिन्याखालची रांग, फूड कोर्टकडे जाणारी वाट. या चारही जागा झाकलेल्या हव्यात. हिरवी जाळी स्वस्त असली तरी दोन उन्हाळ्यांत विरते. ताणून बसवलेले टेन्साइल कापडाचे छत महाग असले तरी अनेक वर्षे टिकते. मात्र ते बसवताना वादळी वाऱ्याचा हिशोब अभियंत्याकडून करून घ्यावा, कारण मे-जूनमधले वळवाचे वादळ कच्चे छत उचलून नेते. पार्किंगवर सौर पॅनेलचे छप्पर टाकले तर गाड्यांना सावली मिळते आणि पंपांच्या वीजबिलाचा भारही हलका होतो, कारण ऊन सर्वाधिक असते तेव्हाच पंपही सर्वाधिक चालतात.

झाडे लावताना शोभेच्या पामची हौस आवरावी. पाम फोटोत दिसतो, सावली देत नाही. वाटांच्या कडेला कडुनिंब, करंज, वड अशी झाडे लावावीत, परंतु तलावांपासून अंतर राखून, नाहीतर पानगळीच्या दिवसांत गाळणी यंत्रणेचे हाल होतात आणि मुळे पाइपांपर्यंत पोहोचतात.

उष्णतेवरचा उपाय म्हणून सर्वत्र एसी लावण्याची गरज नाही. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर आणि फवारे मिळून रांगेची शेड चांगली थंड ठेवतात, आणि कूलर दुरुस्त करणारा माणूस या शहरात प्रत्येक गल्लीत सापडतो. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की हाच कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा फक्त मोठे पंखे चालवावेत. अनवाणी चालण्याच्या वाटा फिक्या रंगाच्या, खरखरीत आणि शक्य तिथे पाण्याची पातळ धार वाहती ठेवलेल्या असाव्यात. काळ्या कडप्प्यावर मे महिन्यात मुलांचे पाय भाजतात, आणि ती तक्रार आई आयुष्यभर विसरत नाही.

पिण्याचे थंड पाणी मोफत आणि भरपूर असावे. बाटलीबंद पाण्याच्या विक्रीतून मिळणारा नफा हा पार्कच्या प्रतिष्ठेच्या मोबदल्यात मिळवलेला पैसा असतो. स्वच्छतागृहांबाबत एवढेच सांगणे पुरे आहे की स्त्रियांसाठीची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असावी, ओले कपडे बदलण्याच्या खोल्यांना कोरडी जमीन, खुंट्या आणि आतून लागणारी मजबूत कडी असावी, आणि साफसफाईची जबाबदारी वेळ लिहून सही करणाऱ्या माणसावर असावी.

याच पायरीत एका दुर्लक्षित ग्राहकाचा विचार करावा. पाच जणांच्या कुटुंबातील आजी किंवा आत्या पाण्यात उतरत नाही. ती सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत दिवसभर काठावर बसते. बहुतेक पार्क तिच्याकडून पूर्ण तिकीट घेतात आणि बदल्यात तिला एक तापलेला सिमेंटचा बाक देतात. तिच्यासाठी कमी दराचे तिकीट, लहान मुलांच्या तलावासमोर पाठ टेकता येईल असे सावलीतले आसन, आणि जवळच चहा व ताक, एवढी सोय केली तरी कुटुंब दोन तास जास्त थांबते. पुढच्या वेळी कुठे जायचे, या घरच्या चर्चेत तिचे मत मोजले जाते, हेही विसरू नये.

चौथी पायरी: तलावाचे पाणी

जुन्या वॉटर पार्कची खरी कसोटी इथे असते. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान आणि मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान एक मिलिग्रॅम असावे, हे बहुतेक ऑपरेटरांना माहीत असते. परंतु नागपूरच्या उन्हात क्लोरिन काही तासांतच उडून जाते आणि सकाळी नोंदवलेला आकडा दुपारी खरा राहत नाही. गर्दीच्या दिवशी दर दोन तासांनी मोजणी करावी, आणि शक्य असल्यास पीएच व क्लोरिन सतत मोजून आपोआप मात्रा सोडणारी यंत्रणा बसवावी. सायन्युरिक आम्ल हे स्थिरक क्लोरिनला उन्हापासून वाचवते, पण त्याचे प्रमाण वाढले की क्लोरिनची जंतू मारण्याची ताकदच कमी होते, म्हणून त्याचीही चाचणी नियमित करावी.

गाळणीच्या क्षमतेकडे पाहताना तलावातील सर्व पाणी किती वेळात एकदा गाळणीतून फिरते, हा आकडा काढावा. लाटांच्या तलावासाठी तो साधारण दोन तास आणि लहान मुलांच्या उथळ तलावासाठी तासाभराच्या आत असावा, कारण पाणी थोडे आणि घाण जास्त, अशी स्थिती तिथेच असते. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी गाळणीनंतर अतिनील किरणांचा दिवा बसवणे हा चांगला उपाय आहे. नायलॉनच्या पोशाखाची सक्ती ग्राहकाला जाचक वाटते, परंतु सुती कपड्यांचे तंतू गाळणी तुंबवतात हे फलकावर दोन ओळींत समजावून सांगितले आणि स्त्रियांसाठी पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली पोहोचणारे, धुतलेले कॉस्च्युम रास्त भाड्यात दिले, तर वादाचे प्रसंग बरेच कमी होतात.

नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी प्रकल्पातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते, हे शहरात बहुतेकांना ठाऊक आहे. हाच विचार लहान प्रमाणात पार्कमध्ये करता येतो: स्नानगृहांचे आणि गाळणी धुतल्याचे पाणी प्रक्रिया करून बागेला आणि स्वच्छतागृहांच्या फ्लशला वापरावे. तलावात मात्र ते कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये, आणि दोन्ही पाइपांचे रंग वेगळे ठेवावेत.

पाचवी पायरी: रांग

राइडची ताशी क्षमता काढण्याचे गणित सोपे आहे. वीस आसनांची गाडी तीन मिनिटांनी एकदा सुटत असेल, तर तासाला चारशे माणसे बसतात. तीच गाडी अडीच मिनिटांनी सोडता आली तर चारशे ऐंशी. म्हणजे एकही रुपया नव्या राइडवर न घालवता एक पंचमांश वाढ होते. हा अर्धा मिनिट कुठे वाया जातो हे घड्याळ लावून पाहावे. बहुधा तो चपला आणि पिशव्या ठेवण्यात जातो, किंवा एकच माणूस सर्वांचे लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारे सुरक्षेचे दांडे, तपासतो म्हणून जातो. चढण्याची आणि उतरण्याची बाजू वेगळी करणे, पलीकडच्या फलाटावर सामानाचे कप्पे ठेवणे आणि दुसरा माणूस देणे, हे उपाय पुरेसे असतात. लॅप बारची तपासणी घाईत उरकणे हा मात्र वेळ वाचवण्याचा मार्ग नव्हे, आणि ऑपरेटरला तसे स्पष्ट सांगावे.

या व्यवसायातला एक ठोकताळा असा आहे की पाहुण्याला दर तासाला दीड ते दोन अनुभव मिळाले तर तो समाधानी परततो. सर्व राइडच्या प्रत्यक्ष ताशी क्षमतेची बेरीज करून तिला पार्कमधील माणसांच्या संख्येने भागले की हा आकडा हाती येतो. तो एकाच्या खाली असेल, तर तिकिटे कमी विकणे किंवा क्षमता वाढवणे, याशिवाय तिसरा मार्ग नाही.

सहावी पायरी: जुन्या राइडचा नवा उपयोग

मोडीत काढण्याआधी जगातल्या तीन उदाहरणांकडे पाहावे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका पार्कने १९९० मधील लाकडी रोलर कोस्टर हादऱ्यांमुळे नकोसा झाल्यावर पाडून टाकला नाही. बराचसा लाकडी सांगाडा तसाच ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवले, आणि २०११ मध्ये तो नव्या नावाने सुरू झाला. ओसाका येथील युनिव्हर्सल स्टुडिओने २०१३ मध्ये, मोठ्या प्रकल्पाचे बांधकाम सुरू असताना मधल्या काळात गर्दी टिकवण्यासाठी, चालू असलेल्याच कोस्टरवर एक गाडी उलट दिशेने तोंड करून सोडली, आणि लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या. कोपनहेगनच्या तिवोलीमध्ये १९१४ चा कोस्टर आजही गाडीवर बसलेल्या ब्रेक मारणाऱ्या माणसासह चालतो. तिथे जुनेपण हेच आकर्षण आहे.

यातून आपल्याकडे काय घेता येईल? टॉय ट्रेनचा मार्ग झाडीतून आणि एखाद्या अंधाऱ्या बोगद्यातून वळवता येतो. मेरी-गो-राउंडला नवी रोषणाई आणि नीट जुळवलेले संगीत दिले तर रात्री ते पार्कचे सर्वाधिक फोटो निघणारे ठिकाण होऊ शकते. फायबरच्या स्लाइड उन्हाने पांढरट पडून खरखरीत होतात. आतील थर शाबूत असेल तर घासून नवा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, देता येतो, आणि नव्या स्लाइडच्या तुलनेत तो खर्च फारच कमी असतो. पण उतार, उंची किंवा वेग बदलण्याचा मोह झाला तर पात्र संरचना अभियंत्याच्या गणिताशिवाय हात लावू नये. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, जगातली सर्वांत उंच म्हणून मिरवणाऱ्या १६८ फुटी स्लाइडवर दहा वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला, आणि तिच्या रचनेमागे पुरेसे अभियांत्रिकी ज्ञान नव्हते हे नंतर उघड झाले.

सातवी पायरी: हे पार्क इथलेच का?

हाँगकाँगचे ओशन पार्क १९७७ चे. २००५ मध्ये त्याच शहरात डिस्नीलँड आले, तेव्हा ओशन पार्क बुडणार असे अनेकांना वाटले. त्याने डिस्नीची नक्कल केली नाही. समुद्र, प्राणी, डोंगरावरची केबल कार आणि स्थानिक विनोदबुद्धीने रंगवलेला हॅलोविन हा भुताखेतांचा उत्सव, या आपल्याजवळच असलेल्या गोष्टींवर भर दिला आणि पुढची काही वर्षे विक्रमी गर्दी खेचली. याच पार्कला २०२० मध्ये सरकारकडून ५.४ अब्ज हाँगकाँग डॉलरची मदत घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. वेगळेपण म्हणजे कर्जापासूनचे संरक्षण नव्हे. दुसरे उदाहरण जपानमधल्या तोकोरोझावाचे. तिथले सेइबुएन हे १९५० मधले पार्क जुनाट दिसते, ही तक्रार होती. २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले ते १९६० च्या दशकातल्या बाजारपेठेच्या रूपात, जिथे दुकानदार, पोलीस आणि फेरीवाले हे सगळे नटच आहेत.

विदर्भाकडे अशा कामासाठी लागणारा कलावंत तयार आहे. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. पार्कचा मुख्य हंगाम त्यानंतर सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील रात्ररात्र प्रेक्षक धरून ठेवणाऱ्या नटांना आणि गायकांना उन्हाळ्यातील संध्याकाळी तीन-चार छोट्या प्रवेशांसाठी रास्त मानधनावर बोलावले, तर हैदराबादच्या किंवा खोपोलीच्या पार्कला नक्कल करता येणार नाही अशी गोष्ट उभी राहते. परदेशी कार्टूनचे कान लावलेले पुतळे लगेच काढून टाकावेत. ते ना परवान्याने वापरलेले असतात, ना कोणाला आवडतात.

सणांमध्ये तान्हा पोळा हा खास आपला आहे. लाकडी नंदी सजवून आणणाऱ्या मुलांना त्या दिवशी मोफत प्रवेश, नंदीच्या सजावटीची स्पर्धा आणि पुरणपोळीचे जेवण, एवढ्यावर भर पावसाळ्यातला एक रिकामा दिवस भरतो. हिवाळ्यातल्या सहलींसाठी संत्र्याचा विचार करावा. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात असतात. वर्गवारी करणारे छोटे यंत्र, पेटी भरण्याचे प्रात्यक्षिक आणि समोर काढलेला रस, हे सगळे शिक्षकांना ‘शैक्षणिक सहल’ या सदरात दाखवताही येते.

आठवी पायरी: तिकीट आणि ताट

मनोरंजन पार्कच्या प्रवेशावरील जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जाहिरातीत करासह पूर्ण किंमत लिहावी. खिडकीवर वाढणारी रक्कम दिवसाच्या सुरुवातीलाच ग्राहकाचा विश्वास घालवते. सोमवार ते गुरुवारचा दर रविवारपेक्षा स्पष्टपणे कमी ठेवावा, आणि मे महिन्यात दुपारी चार ते रात्री दहा असे वेगळे संध्याकाळचे तिकीट काढावे. नवतपात हेच तिकीट जास्त खपेल असा माझा अंदाज आहे, मात्र त्यासाठी तलावांतील दिवे, लाइफगार्डची दुसरी पाळी आणि परतीच्या बसची सोय आधी करावी लागेल. पैसे भरून मनगटी पट्टा घ्यायचा आणि उरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा रांग लावायची, ही पद्धत यूपीआयच्या काळात शक्य तितक्या लवकर बंद करावी.

घरच्या डब्याला बंदी घालून दारात पिशव्या उपसण्यापेक्षा डबा खाण्यासाठी एक झाकलेली जागा ठरवून द्यावी. डबा आणणारे कुटुंबही चहा, कुल्फी आणि संध्याकाळचे खाणे विकतच घेते. फूड कोर्टात पिवळट नूडल्सच्या जोडीला तर्री पोहे, झुणका-भाकर, वडाभात, ताक आणि पन्हे असावे. सावजी रस्सा रात्रीच्या पाळीला ठेवावा. भर दुपारी पाण्यात खेळून आलेल्या पोटाला तो झेपत नाही.

नववी पायरी: माणसे आणि परवाने

२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक जीव गेले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. त्याशिवाय ती तपासणी मार्चअखेरीस, हंगामाआधी, आणखी एकदा स्वतःहून करून घ्यावी. हंगामी कर्मचाऱ्यांना चार दिवसांचे खरे प्रशिक्षण द्यावे आणि राइड थांबवण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ ऑपरेटरलाही द्यावा. त्याने चुकून थांबवली तरी त्याला कोणी बोलू नये.

विजांचा धोका विदर्भात मोठा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप नियंत्रण कक्षात सतत चालू असावे, गडगडाट ऐकू येताच तलाव आणि उंच राइड रिकाम्या कराव्यात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे त्या उघडू नयेत. या अर्ध्या तासात लोकांना कुठे बसवायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. तिसऱ्या पायरीतली पक्की शेड तेव्हा कामी येते.

दहावी पायरी: आता नवी राइड

इथपर्यंत आल्यावर साधारण दोन वर्षे गेलेली असतील. वार्षिक उत्पन्नाचा पाच ते दहा टक्के भाग दरवर्षी पुन्हा गुंतवावा, हा या व्यवसायातला जुना संकेत आहे. त्यातून साठलेल्या रकमेवर आणि मर्यादित कर्जावर जी राइड बसेल, तीच घ्यावी. राइड निवडताना सर्वांत भीतिदायक कोणती, हे पाहण्यापेक्षा आपल्या ग्राहकांपैकी कोणत्या वयोगटाला आज काहीच नाही, हे पाहावे. बहुतेक जुन्या पार्कांत ही उणीव आठ ते बारा वर्षांच्या मुलांची असते: चिमुकल्यांच्या राइड त्यांना लहान पडतात आणि मोठ्या राइडच्या उंचीच्या पट्टीत ती बसत नाहीत. आई-वडिलांसह बसता येईल असा मध्यम वेगाचा फॅमिली कोस्टर हे त्याचे उत्तर असू शकते, आणि तो हिवाळ्यातल्या सहलींनाही चालतो.

किमतीत फक्त यंत्र धरू नये. काळ्या मातीखालच्या मुरूम किंवा खडकापर्यंत नेलेला पाया, वीजजोडणी, रांगेची शेड आणि पाच वर्षांचे सुटे भाग यांची रक्कम आधीच बाजूला काढावी. परदेशातून जुनी राइड आणायची असेल, तर मूळ निर्मात्याचे लेखी पत्र आणि संपूर्ण देखभाल नोंदी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. मागणी नोंदवल्यापासून मोठी राइड उभी राहायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते, म्हणून उद्घाटनाची तारीख एप्रिलमध्ये न धरता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धरावी. आधी पाण्याने भरलेले पुतळे किंवा वाळूची पोती ठेवून चाचण्या, मग कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय, मग सहलींच्या काळात मर्यादित फेऱ्या, अशा क्रमाने चार महिने चालवलेल्या राइडच्या कुरकुरी मार्चपर्यंत लक्षात येतात आणि निर्मात्याचा माणूस त्या दुरुस्त करून परत गेलेला असतो. जाहिरातीचे फलक अमरावती रोडवर आणि वर्धा रोडवर लावायचे ते त्यानंतर.